पंपावर दिसणारा कर, खात्यात हरवलेला परतावा: ‘कॅनडा कार्बन रिबेट’चा सहा वर्षांचा हिशेब

कॅनडातील ओंटारियो प्रांतात, मिसिसागा शहरात राहणाऱ्या आमच्या चौघांच्या कुटुंबाला 2019 च्या वसंत ऋतूपासून एप्रिल 2025 पर्यंत केंद्र सरकारकडून कार्बन कराचा, म्हणजे इंधन जाळल्याने होणाऱ्या उत्सर्जनावरच्या कराचा, परतावा मिळत राहिला. आरंभी ‘क्लायमेट ॲक्शन इन्सेंटिव्ह’ आणि फेब्रुवारी 2024 पासून ‘कॅनडा कार्बन रिबेट’ या नावाने ओळखली गेलेली ही सेवा आता बंद झाली आहे. तरीही तिचे परीक्षण लिहावेसे वाटले, कारण या कराने सामान्य माणसाचे भले झाले की त्याचा खिसा कापला गेला, या एका प्रश्नावर इथले राजकारण अनेक वर्षे ढवळून निघाले, आणि तावातावाने बोलणाऱ्या बहुतेकांनी, आमच्या ओळखीची मराठी कुटुंबेही त्यात आली, स्वतःच्या घरचा हिशेब एकदाही मांडला नव्हता. गॅसची बिले, पंपाच्या पावत्या आणि बँकेची विवरणपत्रे समोर ठेवून मी तो मांडला, आणि पुढचे सगळे त्यावरच आधारलेले आहे.

प्रथम सेवेचे स्वरूप. केंद्राने जून 2018 मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार, ज्या प्रांतांची स्वतःची पुरेशी कार्बन-व्यवस्था नव्हती तिथे 1 एप्रिल 2019 पासून इंधनावर कर लागू झाला. ओंटारियोची स्वतःची व्यवस्था होती, उत्सर्जनाच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीची. जानेवारी 2018 पासून ती क्वेबेक आणि कॅलिफोर्नियाच्या बाजाराशी जोडलीही गेली होती. पण त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या डग फोर्ड यांच्या प्रांतिक सरकारने ती रद्द केली, आणि म्हणून केंद्राचा कर आमच्या दारात आला. कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे 20 डॉलरपासून सुरू झालेला हा दर 2022 मध्ये 50, 2023 मध्ये 65 आणि एप्रिल 2024 मध्ये 80 डॉलर झाला. 2030 पर्यंत तो 170 वर न्यायचा होता. जमा होणाऱ्या रकमेपैकी सुमारे 90 टक्के रक्कम ज्या प्रांतात गोळा झाली त्याच प्रांतातील कुटुंबांना परत द्यायची, आणि तीही वापर किती झाला हे न पाहता, कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यायची, हा या सेवेचा गाभा होता.

सेवा मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नसे, आणि ही तिची सर्वांत मोठी सोय होती. प्राप्तिकराचे विवरण भरले की पुरे; उत्पन्न शून्य असले तरी चालत असे. पहिली तीन वर्षे ही रक्कम विवरणातच मागायची होती. 2018 सालाच्या विवरणात ओंटारियोतील चौघांच्या कुटुंबाला 307 डॉलर मिळाले. जुलै 2022 पासून ती तिमाही हप्त्यांनी थेट खात्यात येऊ लागली: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या 15 तारखेच्या सुमारास. नव्याने आलेल्यांसाठी मात्र एक स्वतंत्र फॉर्म होता, आणि तो भरायचा असतो हे अनेकांना कोणी सांगितलेच नाही. पुण्याहून आणि नागपूरहून शिकायला आलेली, 19 वर्षे पूर्ण झालेली आणि करासाठी इथली रहिवासी ठरणारी मुलेही या रकमेस पात्र होती. आमच्या तळघरात दोन वर्षे भाड्याने राहिलेल्या विद्यार्थ्याला हे समजले तेव्हा त्याचे दुसरे वर्ष संपत आले होते. ज्याच्यासाठी तीन महिन्यांतून एकदा येणारे 140 डॉलर म्हणजे महिन्याभराचा किराणा होता, त्याच्यापर्यंतच ही माहिती सर्वांत उशिरा पोहोचली, याची मला आजही खंत वाटते.

आता आमच्या घरचा हिशेब. एप्रिल 2024 ते मार्च 2025 या वर्षात घर तापवण्यासाठी आणि गरम पाण्यासाठी आम्ही सुमारे 2,300 घनमीटर नैसर्गिक गॅस वापरला. त्यावर घनमीटरमागे 15.25 सेंट या दराने 351 डॉलर कर लागला. दोन गाड्यांत मिळून 1,900 लिटर पेट्रोल लागले. त्यावर लिटरमागे 17.61 सेंट म्हणजे 335 डॉलर. या दोन्ही रकमांवर आणखी 13 टक्के विक्रीकर आकारला जात असे, म्हणजे करावरही कर होता, आणि तो परताव्याच्या हिशेबात धरलेला नव्हता. तो मिळवून आमचा थेट भार सुमारे 774 डॉलर झाला. त्याच वर्षात मला 280 डॉलरचे चार हप्ते, म्हणजे 1,120 डॉलर मिळाले. 346 डॉलर उरले.

कर केवळ पंपावर आणि गॅसच्या बिलात नसतो, तो भाजी आणणाऱ्या ट्रकच्या डिझेलमध्येही असतो, हा आक्षेप रास्त आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र त्यालाही आकड्याचे माप लावता येते. वर्षाला 346 डॉलर म्हणजे महिन्याला जवळपास 29 डॉलर. आमचा किराणा महिन्याला 1,100 डॉलरच्या आसपास जातो. केवळ किराण्यातून आमचा सगळा फायदा पुसला जाण्यासाठी अन्नधान्याच्या किमती या कराने 2.6 टक्क्यांनी वाढायला हव्या होत्या. बँक ऑफ कॅनडा या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर टिफ मॅकलम यांनी इंधनाच्या थेट दरवाढीमुळे महागाईच्या वार्षिक दरात पडणारी भर 0.15 टक्के बिंदू इतकी सांगितली होती. वाहतुकीतून येणारा अप्रत्यक्ष भाग त्यात मिळवला, तरी आमच्यासारख्या शहरातील मध्यम वापराच्या घराला हा व्यवहार तोट्याचा ठरवण्यासाठी बरीच ओढाताण करावी लागते.

या सेवेत एक बारकावा होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. आम्ही 2023 मध्ये जुनी गाडी देऊन हायब्रिड गाडी घेतली, आणि पेट्रोल वर्षाला 2,600 लिटरवरून 1,900 लिटरवर आले. वाचलेल्या 700 लिटरवर, 2024 च्या दराने, विक्रीकरासह सुमारे 139 डॉलरचा कर वाचला, पण परतावा एका सेंटनेही कमी झाला नाही. पैसे परत मिळत असतील तर कर लावण्यात अर्थ काय, असे विचारणाऱ्यांना याहून सोपे उत्तर माझ्यापाशी नाही: परतावा माणसांवर ठरत होता आणि कर वापरावर, त्यामुळे वापर कमी करणाऱ्याच्या हाती फरक राहत होता. गाडी बदलण्याचा निर्णय आम्ही केवळ करामुळे घेतला, असे मी म्हणणार नाही. पेट्रोल मुळातच महाग झाले होते आणि जुन्या गाडीची दुरुस्ती परवडत नव्हती. तरीही दोन गाड्यांची तुलना करताना 2030 चा 170 डॉलरचा दर आम्ही कागदावर धरला होता, ही गोष्ट खरी आहे.

सर्वांना मात्र हा अनुभव आला नाही. आमच्या परिचयाचे एक दांपत्य दोन मुलांसह शहरापासून दूर शेताकडेच्या घरात राहते. तिथे गॅसची वाहिनी नाही, प्रोपेनची टाकी आहे, आणि दोघांच्याही नोकऱ्या वेगवेगळ्या गावांत. त्यांचे वर्षाचे पेट्रोल साधारण 4,500 लिटर आणि प्रोपेन 3,000 लिटर. त्यांचे आकडे मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मांडले, तेव्हा विक्रीकरासह थेट भार 1,315 डॉलर निघाला. ग्रामीण भागासाठीची वाढीव रक्कम एप्रिल 2024 पासून 10 वरून 20 टक्के झाली होती, त्यामुळे त्यांचा परतावा 1,344 डॉलर. म्हणजे किराण्याला हात लावण्याआधीच जवळपास बरोबरी. ही वाढ झाली नसती तर ते उघड तोट्यात असते. वहिनींनी कागद बाजूला सरकवत विचारले, “आम्ही बस कुठून आणायची, सांगा.” त्यांच्या गावाला बस नाही. ज्याच्यापाशी दुसरा पर्याय आहे त्याच्यावर किमतीचा दट्ट्या काम करतो. ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी तो फक्त खर्च असतो, आणि ग्रामीण रकमेत ही गोष्ट फार उशिरा आणि अपुरी धरली गेली.

माझ्या मते या सेवेतील सर्वांत गंभीर दोष लहान व्यावसायिकांच्या बाबतीत होता, आणि राजकीय वादाच्या गदारोळात त्याकडे फार कमी लक्ष गेले. लहान-मध्यम उद्योगांच्या वाट्याची रक्कम 2019 पासून जमा होत राहिली, पण ती त्यांना देण्याची यंत्रणाच वेळेवर उभी राहिली नाही. पाच वर्षांची साठलेली सुमारे अडीच अब्ज डॉलरची रक्कम अखेर डिसेंबर 2024 मध्ये सुमारे सहा लाख उद्योगांना वाटण्यात आली. तीही केवळ खासगी कंपनी म्हणून नोंदलेल्या, 1 ते 499 कर्मचारी असलेल्या आणि 2023 चे विवरण जुलै 2024 पर्यंत भरलेल्या उद्योगांना. आमच्या भागात एक काकू पंधरा वर्षे डबे पुरवतात. भाड्याच्या स्वयंपाकघरात चार शेगड्या दिवसभर पेटलेल्या असतात, आणि डबे पोहोचवणारी व्हॅन वेगळी. त्यांनी कंपनी काढलेली नाही, धंदा स्वतःच्या नावावर आहे. घरगुती परतावा त्यांना इतरांसारखाच मिळाला, पण शेगड्यांवर आणि व्हॅनवर भरलेल्या करापैकी व्यवसाय म्हणून त्यांना एक पैही परत आली नाही. डब्याचा दर वाढवावा तर गिऱ्हाईक तुटते, न वाढवावा तर स्वतःच्या मेहनतान्यातून कर भरावा लागतो. अशा माणसाने कराला विरोध केला, तर त्याला हवामान-बदलाचे गांभीर्य कळत नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येते. सेवेने शब्द बहुतांशी पाळला, पण तो पाळला हे लोकांना दिसले नाही. कर पंपावर दर आठवड्याला दिसत होता आणि गॅसच्या बिलात स्वतंत्र ओळीने छापला जात होता. परतावा मात्र वर्षातून चार वेळा, कोणताही आवाज न करता येत होता. शिवाय पती-पत्नींपैकी ज्याचे विवरण आधी तपासले जाई, त्याच्याच खात्यात संपूर्ण कुटुंबाची रक्कम जमा होई. आमच्या घरी ती माझ्या खात्यात येत होती आणि पेट्रोल माझे पती भरत होते. 2023 च्या हिवाळ्यात एकदा ते सहज म्हणाले, “हा कर आपल्याला झेपत नाही.” तेव्हा परताव्याचा आकडा मी सांगितला आणि ते खरोखरच चकित झाले. माझ्या बँकेच्या विवरणपत्रातही त्या रकमेपुढे केंद्र सरकारकडून आलेले पैसे एवढेच मोघम लिहिलेले असे. तो कशाचा परतावा आहे, हे त्यावरून कोणालाही कळले नसते. जमा रकमेपुढे स्पष्ट नाव लिहिण्याबद्दल सरकारने बँकांना बांधील करण्याची पावले 2024 मध्ये उचलली. तोवर वादाचा निकाल लोकांच्या मनात लागून गेला होता.

कराच्या विरोधकांनी मात्र दृश्यतेचे महत्त्व फार आधी ओळखले होते. ओंटारियो सरकारने 2019 मध्ये कायदा करून प्रत्येक पेट्रोलपंपावर एक चिकटपट्टी लावणे सक्तीचे केले. तिच्यावर कर लिटरमागे 4.4 सेंटवरून 2022 पर्यंत 11 सेंटवर जाणार, असा चढता आलेख होता. परताव्याचा उल्लेख नव्हता. ही सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करते, असे ठरवून प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये ती रद्द केली. कायदेशीर लढाईत केंद्राचीच सरशी झाली. 25 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मूळ कायदा घटनात्मक ठरवला. पण पंपावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती परताव्याचा साधा कागदही कोणी दिला नाही.

संसदेतील वादाचे मूळ एका अहवालात होते, आणि तो नीट वाचणे या सेवेच्या ग्राहकाला आवश्यक आहे. संसदेचे तत्कालीन अर्थसंकल्प अधिकारी ईव्ह जिरू यांच्या कार्यालयाने दोन प्रकारचे हिशेब केले. पहिल्यात भरलेला कर, त्यावरचा विक्रीकर आणि वस्तूंमधून येणारा अप्रत्यक्ष भार एका बाजूला, तर परतावा दुसऱ्या बाजूला. त्यात बहुसंख्य कुटुंबे फायद्यात दिसली. दुसऱ्या हिशेबात करामुळे अर्थव्यवस्थेची वाढ मंदावून पगार आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नात होणारी घट धरली. त्यात बहुतेक कुटुंबे तोट्यात दिसली. तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांचे सरकार पहिला रकाना वाचून दाखवत राहिले, तर ‘ॲक्स द टॅक्स’ (कर छाटून टाका) ही घोषणा देत देशभर सभा घेणारे विरोधी नेते पिएर पॉलिएव्ह दुसरा. दोघांच्याही हातात अहवाल एकच होता. एप्रिल 2024 मध्ये त्या कार्यालयाने मान्य केले की दुसऱ्या हिशेबात मोठ्या उद्योगांवरील वेगळ्या कार्बन-आकाराचा परिणामही चुकून मिसळला गेला होता. ऑक्टोबर 2024 च्या सुधारित अहवालात तोट्याचे आकडे त्यामुळे खाली आले. त्या वसंतात दोनशेहून अधिक अर्थतज्ज्ञांनी कराच्या समर्थनार्थ खुले पत्र काढले होते. पण चुकलेला आकडा वर्षभर घरोघरी पोहोचला होता, आणि दुरुस्तीची बातमी तितक्या दूर गेली नाही. दुसऱ्या रकान्याबद्दल माझा आक्षेप आणखी एका कारणाने आहे: त्यात करामुळे होणारा तोटा मोजला होता, पण तापमानवाढीने होणारे नुकसान टळल्याचा लाभ जमेस धरला नव्हता. एकाच बाजूची नोंद असलेल्या वहीवरून ताळेबंद काढता येत नाही.

विश्वासाला तडा मात्र सरकारनेच दिला. 26 ऑक्टोबर 2023 रोजी घरगुती हीटिंग ऑइलवरील कर तीन वर्षांसाठी स्थगित करण्याची घोषणा झाली. या तेलावर घर तापवणाऱ्यांचे प्रमाण अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांत अधिक आहे. ओंटारियोत आणि पश्चिमेकडे बहुतेक घरे गॅसवर तापतात. “मग आम्ही काय घोडे मारले?” हा प्रश्न त्या हिवाळ्यात मी प्रत्येक घरी ऐकला, आणि त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. जानेवारी 2024 पासून सॅस्कॅचवान प्रांताने घरगुती गॅसवरचा कर गोळा करणेच थांबवले. परताव्यामुळे कोणाचेच नुकसान होत नाही, असे सांगणाऱ्या सरकारने एका गटाला सूट द्यावी, यातून उरलेल्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला.

या सेवेची तुलना करायची तर माझ्यापुढे भारताचे उदाहरण येते. भारतात 2010 पासून कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर होता. तो 2016 पर्यंत 400 रुपयांवर गेला आणि 2017 मध्ये जीएसटी नुकसानभरपाई उपकरात मिसळला गेला. चंद्रपूर आणि कोराडीच्या वीजकेंद्रांत कोळशावर तयार झालेली वीज वापरणाऱ्या माझ्या माहेरच्या घराने तो वर्षानुवर्षे अप्रत्यक्षपणे भरला. बिलात त्याची ओळ नव्हती आणि परताव्याचा प्रश्नच नव्हता. त्यावर आंदोलन झाल्याचे मला आठवत नाही. कॅनडाने कर उघड छापला आणि पैसे परत केले, ही अधिक प्रामाणिक पद्धत होती. तिचीच राजकीय किंमत मोठी ठरली.

14 मार्च 2025 रोजी पंतप्रधान झालेल्या मार्क कार्नी यांनी पहिल्याच दिवशी ग्राहकांवरील कराचा दर शून्य करण्याचा निर्णय घेतला. तो 1 एप्रिलपासून अमलात आला. मोठ्या उद्योगांवरील आकार कायम आहे, आणि उत्सर्जन घटवण्यात त्याचा वाटा ग्राहक-करापेक्षा मोठा असल्याचे अभ्यासकांचे अंदाज आधीपासूनच होते. पंपावर विक्रीकरासह जवळपास 20 सेंटचा फरक पडला. एप्रिल 2025 चा महागाईचा दर 2.3 वरून 1.7 टक्क्यांवर आला, आणि त्यात कर हटवल्याच्या एकवेळच्या परिणामाचा वाटा मोठा होता. शेवटचा हप्ता 22 एप्रिल 2025 पासून खात्यांत जमा झाला; हप्ते आगाऊ दिले जात असल्याने, ज्या तिमाहीत कर नव्हता तिचाही परतावा मिळाला.

पाचपैकी साडेतीन गुण मी या सेवेला देईन. नोंदणीची सुलभता आणि रकमेचा नियमितपणा यांसाठी पूर्ण गुण, ग्रामीण कुटुंबांच्या सोयीसाठी निम्मे, लहान व्यावसायिकांसाठी जवळपास काही नाही, आणि माहिती देण्यासाठी फार कमी. अशी सेवा पुन्हा कुठे सुरू झाली, तर परताव्याची ओळ गॅसच्या त्याच बिलावर, कराच्या ओळीखाली छापावी, आणि डबे पुरवणाऱ्या काकूंना पहिल्या वर्षीपासून त्यात धरावे, एवढी माझी मागणी राहील.

15 जुलै 2025 रोजी खात्यात काही आले नाही. उन्हाळ्यात घर तापवणारी भट्टी बंद असल्याने गॅसच्या बिलातली बचतही त्या महिन्यात जेमतेम सहा डॉलर होती. माझे पती पंपावरून परतले आणि टाकी स्वस्तात भरल्याचे सांगू लागले, तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली. या वेळी दोन्ही रकाने त्यांनी स्वतः वाचले.